अरुण त्या प्रवेशात नसतोच

लातूरला बहिणीकडे गेलो होतो. भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी घेतलंय. जेवणानंतर तिची वही सहज चाळायला घेतली. एका पानावर पट्टी लावून दोन रकाने आखलेले. डावीकडे ‘पात्र’, उजवीकडे ‘प्रतीक’. नाथ देवळालीकर : समाजवादाचा पराभव. सेवा : व्यवहार. जयप्रकाश : नवी पिढी. ज्योती : बळी गेलेला आदर्श. अरुण आठवले : दलित समाजाची दबलेली हिंसा. खाली लाल शाईत चांदणी आणि शेरा : हमखास, ५ गुण.

मी विचारलं, ‘शेवटच्या प्रवेशात कोण कोण असतं गं?’

‘अरुण आणि ज्योती.’

‘नाटक वाचलंस?’

‘नोट्स आहेत ना मामा.’

पोरीचा दोष नाही. ज्या शहरात प्रश्न आधी आणि पुस्तक नंतर अशी शिकवणीची शिस्त आहे, जिने लातूरला राज्यभर नाव मिळवून दिलं, तिथे विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’चंही जीवशास्त्र व्हायचंच. पेशीचे भाग सांगा, त्यांची कार्ये सांगा. पण त्या दोन रकान्यांत जे लिहिलं होतं ते काही तिच्या सरांनी एकट्याने शोधून काढलेलं नाही. चाळीस वर्षं मी तेच ऐकतोय. नांदेडला राज्य नाट्यस्पर्धेचा प्रयोग सुटल्यावर चहाच्या गाड्यावर ऐकलं, चर्चासत्रात ऐकलं, स्मरणिकेत वाचलं. आणि गंमत अशी, की ‘कन्यादान’ दलितविरोधी आहे म्हणणारेही तेच सांगतात आणि ‘छे, वास्तव आहे’ म्हणणारेही तेच. दोघांचं भांडण एवढंच, की अरुण हे दलित समाजाचं खरं प्रतीक की खोटं. तो प्रतीक आहे यावर मात्र दोघांचं एकमत. मला त्या एकमताशीच भांडायचंय.

मुळात सोपी गोष्ट. शेवटच्या प्रवेशात अरुण रंगमंचावर नसतो.

तो प्रवेश कशावर उभा आहे ते एकदा नीट पाहू. यदुनाथ देवळालीकर, पुण्यातले समाजवादी आमदार. बायको सेवा, सामाजिक कार्यकर्ती. मुलाचं नाव जयप्रकाश, तेव्हा घराचा कल वेगळा सांगायला नको. मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करायचं ठरवते. आईला धास्ती, बापाला उत्साह. घरातच जात मोडल्याचा उत्साह. लग्नानंतर मारहाण सुरू होते. ज्योती एकदा घर सोडून माहेरी येते, तर तिने परत जावं, हे लग्न मोडू नये, अशीच याच बापाची धडपड. पुढे अरुणचं आत्मचरित्र गाजतं. त्यावरच्या चर्चेला नाथांनी अध्यक्ष म्हणून यावं असा आग्रह होतो. त्याच सुमारास नाथांना कळलेलं असतं, की गरोदर ज्योतीला अरुणने लाथ मारली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. अपमानाबद्दल इतक्या संवेदनेने लिहिणारा हात घरी असा चालतो, हे त्यांना पचत नाही. ते नकार देतात. आणि मग जातात. भीतीने जातात : आपण नाही गेलो तर पोरीचे आणखी हाल होतील. जातात आणि पुस्तकाची स्तुती करून येतात.

इथे नाटकाचा कणा आहे. त्या रात्री ज्योती माहेरी येते ती नवऱ्याची तक्रार घेऊन येत नाही. ती बापाला त्या भाषणाचा जाब विचारायला येते. तुम्ही असं का बोललात? तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, मग तोंडातून ते का आलं? मारहाणीची गोष्ट नंतर येते, माणसातला पशू आणि माणसातला देव वेगळे काढता येत नाहीत हे नंतर येतं. आधी येतं ते भाषण. त्या प्रवेशाला प्रतीक चिकटवायचंच असेल तर ते कुठल्या पात्राला नाही, त्या भाषणाला चिकटतं. ते प्रेक्षकांनी ऐकलेलंही नसतं. नाट्यगृहात बसलेल्यांना ते न ऐकता कळतं, कारण तसली भाषणं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत.

नाटक १९८३ सालचं. आधीची पाच वर्षं आठवून बघा. १९७८ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९७९ला आमच्याच उदगीर भागातून वर आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९८०ला लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. मराठी वाचक हादरला, हे खरं. पण हादरलेल्या वाचकाबरोबर आणखी एक जमात उगवली : अध्यक्षस्थानावरून हादरणारी. पुस्तकाला हात लावायची भीती, म्हणून पुस्तकाला हार घालायचा. तपासायचं नाही, वाद घालायचा नाही, शैलीबद्दल, निवडीबद्दल, काय सांगितलं आणि काय वगळलं याबद्दल एक शब्द काढायचा नाही. ‘विदारक’, ‘दाहक’, ‘अंतर्मुख करणारं’ ही तीन विशेषणं झाली की शाल-श्रीफळ. बरोबरीच्या लेखकाशी आपण असं वागतो का? त्याच्याशी तर कडकडून भांडतो. नाथांचं भाषण हे त्या अदबशीर अपमानाचं नाटक आहे. समीक्षेतल्या लबाडीवर इतका नेमका प्रवेश मराठीत दुसरा नाही, असं माझं मत आहे.

मी हे बाहेरून सांगत नाही. नांदेडला वीसेक वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन होतं. मी वक्ता. वाचायला वेळ मिळाला नव्हता, म्हणजे काढला नव्हता. भाषण मात्र झालं, टाळ्या पडल्या. रात्री त्याने स्कूटरवरून मला घरी सोडलं. वाटभर गप्प. फाटकाशी उतरताना म्हणाला, ‘सर, चौसष्ट पानांपर्यंत वाचलंत ना?’ मी विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाला, ‘उदाहरणं सगळी तिथपर्यंतचीच होती.’ संग्रह एकशे बारा पानांचा होता. त्यानंतर ज्योतीचं ते पहिलं वाक्य मी कुठल्याही नटीच्या तोंडून ऐकलं की मला फाटकाशी उभं असल्यासारखं वाटतं.

आता दुसरा मुद्दा, ज्योतीचा. वहीत ती ‘बळी’ आहे. प्रेक्षागृहात तिचं त्याहून वाईट होतं, तिची पतिव्रता होते. शेवटी ती बापाचं नाव टाकते, आपली ओळख नवऱ्याच्या नावाने आणि जातीने सांगते आणि निघून जाते. त्या जागी मी टाळ्या ऐकल्या आहेत, आणि त्या टाळ्यांचा सूर मला ओळखता येतो. तो सीतेसाठी असतो. ‘बघा, मार खाल्ला पण नवरा सोडला नाही.’ अहो, ती नवऱ्यासाठी जात नाहीय. बापाने लहानपणापासून शिकवलं की लढाई अर्धी टाकून पळायचं नाही, माणसावरचा विश्वास टाकायचा नाही. ती तेच करून दाखवतेय. बापाला शिक्षा करायची तर त्याचा शब्द मोडून होत नाही, तो शेवटच्या अक्षरापर्यंत पाळून होते, हे तिला उमगलंय. इतकी थंड आज्ञाधारकता! आणि म्हणून नाटकाचं नाव. लग्न नोंदणीचं असो की विधींचं, दान झालंच. फक्त इथे बाप मुलगी जावयाला देत नाही, आपल्या तत्त्वाला देतो. पाणी सोडणारा हात पुरोगामी होता एवढाच फरक. देणाऱ्याला पुण्य, दिलेल्याला विचारतो कोण? ज्योती त्या रात्री सांगायला येते की दिलेली वस्तू बोलते.

यावर एक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. बोलते खरी, पण परत मार खायलाच जाते ना? समोर आई उभी, आयुष्य बायकांच्या प्रश्नांवर काम करण्यात गेलेली. तिला पोलीस ठाणं माहीत नाही? वकील माहीत नाही? भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं तेही १९८३ सालीच. म्हणजे बाहेर तो विषय पेटलेला होता. तेंडुलकरांनी सेवेला दूरदृष्टी दिली, कडवटपणा दिला, नवऱ्याला टोचून बोलायची जीभ दिली. तिचं काम मात्र काढून घेतलं. मला ही नाटकातली खोट वाटते. ज्योतीला फक्त दोन दारं ठेवली, बापाचं आणि नवऱ्याचं, आणि मग तिने दुसरं निवडलं म्हणून आपण चकित व्हायचं. तिसरं दार लेखकाने भिंतीत चिणलेलं आहे. ही माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही. पण ती तक्रार नाटककाराशी आहे. ज्योतीला पतिव्रता ठरवणाऱ्यांना त्या तक्रारीने मदत होत नाही.

अरुणच्या बाबतीतही तेंडुलकरांना मी मोकळं सोडत नाही. ‘अरुण ही एक व्यक्ती आहे, समाजाचा प्रतिनिधी नाही’ असं म्हणून बचाव करणाऱ्यांचा युक्तिवाद मला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. व्यक्ती आहे, मान्य. पण अख्ख्या नाटकात बोलणारा दलित पुरुष म्हणून प्रेक्षक ज्याला ओळखतो तो हा एकच, आणि तोच दारू पितो, तोच हात उगारतो. देवळालीकरांच्या घरात चार माणसांना चार मतं आहेत. अरुणच्या बाजूला मतभेद करायला दुसरं कुणी नाही. त्याची आई, त्याची बहीण, त्याला ‘असं वागू नको’ म्हणणारा त्याच्या वस्तीतला एखादा म्हातारा, कुणीच दिवाणखान्यापर्यंत पोचत नाही. एकट्या माणसाला प्रेक्षक प्रतिनिधी करणारच. मोठ्या घरात आपला जीव गुदमरतो असं तो पहिल्या भेटीत बोलून दाखवतो. पण त्या गुदमरण्याच्या पलीकडे त्याचं स्वतःचं घर असेल, हे नाटक दाखवत नाही, सांगतं फक्त. तेव्हा ज्यांनी या नाटकावर चिडून तेंडुलकरांवर चप्पल फेकली, त्यांची रीत चुकली असेल. चीड बिनबुडाची नव्हती. पुढे १९९३चा सरस्वती सन्मान याच नाटकासाठी मिळाला तेव्हा तेंडुलकरांनी त्या चपलेची आठवण काढली होती. सन्मान आणि चप्पल एकाच नाटकाला, हे त्यांना साजेसंच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतो, ‘कन्यादान’ला आमच्या नांदेडने उत्तर दिलंय : दत्ता भगतांचं ‘वाटा पळवाटा’. भाचीच्या वहीत हेही होतं, पुढच्या पानावर, ‘तुलना करा’ या मथळ्याखाली. नांदेडकर म्हणून छाती फुगते, पण हेही मला खोडून काढायचंय. ऐंशीच्या दशकातल्याच या नाटकातही दलित पुरुष आहे, सतीश, प्राध्यापक. आणि त्याची बायको हेमा ब्राह्मण घरातून आलेली आहे. एवढ्या साम्यावर ‘उत्तर’ हा शिक्का मारणं म्हणजे भगतांना तेंडुलकरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसवणं. भगतांचं नाटक कुणाला उत्तर द्यायला लिहिलेलंच नाही. त्याचा प्रश्न स्वतःचा आहे. बाबासाहेबांच्या काळातले काका, शिकून स्थिरावलेला सतीश, आणि रक्त उसळणारा अर्जुन, या तिघांत खरी वाट कुणाची आणि पळवाट कुणाची? वाद घरात आहे, आणि घर त्यांचं आहे. अरुणला जे मिळालं नाही ते इथे प्रत्येकाला मिळालंय : आपल्याच माणसाकडून विरोध. काकांना अर्जुन उलटून बोलतो, अर्जुनला सतीश अडवतो, आणि हेमा या वादाच्या बाहेर पाहुणी म्हणून बसत नाही. कुणालाही अख्ख्या समाजाचं ओझं एकट्याच्या खांद्यावर घ्यावं लागत नाही. तुलनाच करायची तर ही करा, की एका रंगमंचावर किती दलित माणसं उभी राहिली की त्यांतला कुणीही ‘दलित समाज’ राहत नाही, सतीश आणि अर्जुन राहतो. अशी मोजणी मराठी नाटकाने फारशी केलेली नाही.

पुण्यामुंबईच्या समीक्षेत न दिसणारं एक वाचन मात्र मराठवाड्याच्या प्रेक्षकाला करता येतं. मला ते बऱ्याच उशिरा सुचलं.

२७ जुलै १९७८. मुंबईत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. चांगली भाषणं झाली असणार. मग मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ४ ऑगस्टला जाळून मारण्यात आलं. वस्त्या जळाल्या, माणसं रानात लपली. आणि मुंबईने काय केलं? ठराव गुंडाळून ठेवला. नोव्हेंबर १९९३मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं, आणि १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं. ठराव चुकीचा होता असं कुणी वाचू नये. ठराव शंभर टक्के बरोबर होता. चुकीचं होतं ते ठरावाच्या मागे उभं न राहणं. शब्द एकाने उच्चारला, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, आणि किंमत मोजली जात असताना शब्द उच्चारणारा घरात भीतीने येरझाऱ्या घालत राहिला.

आता नाथ देवळालीकर पुन्हा बघा. आमदार, समाजवादी, त्याच काळातला. नाटकात नामांतराचा प्रश्न नाही, मी तो तेंडुलकरांच्या खिशातून काढून दाखवत नाहीय. पण नांदेडच्या प्रेक्षागृहात बसून हा प्रवेश पाहिला की जो माणूस सुंदर तत्त्व बोलतो तो एकीकडे आणि त्या तत्त्वाचे वळ ज्याच्या पाठीवर उठतात तो दुसरीकडे, ही वाटणी इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. मग भाचीच्या वहीतले रकाने उलटेपालटे होतात. वळ ज्योतीच्या पाठीवर आहेत. १९७८च्या मराठवाड्यात ती जागा टेंभुर्णीच्या माणसाची होती. प्रतीक हवंच असेल तर देवळालीकरांची ब्राह्मण मुलगी ही त्या प्रवेशात इथल्या दलिताच्या जागी उभी आहे, आणि ‘दलित म्हणजे अरुण’ हे समीकरण तिथल्या तिथे मोडतं. कुणाला हे ओढूनताणून वाटेल. वाटू दे. निदान या वाचनाला नाटकातल्या घटनेचा आधार आहे : कोण बोललं आणि कोणी सोसलं. वहीतल्या रकान्याला फक्त आडनावांचा आधार आहे.

आता थोडं करणाऱ्यांविषयी. दोनेक वर्षांपूर्वी नांदेडच्या एका हौशी संस्थेने हे नाटक स्पर्धेसाठी घेतलं होतं. तालीम शाळेच्या हॉलमध्ये, रात्री नऊनंतर. मला ‘जरा बघून सांगा’ म्हणून बोलावलं. शेवटच्या प्रवेशाला दिग्दर्शक पोराने मागे पांढरा पडदा लावायचं ठरवलं होतं. ज्योती बोलत असताना पडद्यावर अरुणची सावली, हात उगारलेला, लाल प्रकाश. परीक्षकांना ‘प्रतीकात्मकता’ आवडते म्हणे. मी नको म्हटलं, तो ऐकेना. त्या दिवशी वीज गेल्यामुळे लाल दिवा लागलाच नाही. एका मोबाइलच्या बत्तीवर तालीम झाली. नाथ झालेले गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. सभेहून परत आलेला माणूस हातातली शाल कुठे ठेवेल हे त्यांना सुचेना, म्हणून ती प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ते तसेच उभे राहिले. ज्योती करणारी मुलगी बोलता बोलता त्या शालीकडे बघायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. ती शाल तिच्या बापाला तिच्या नवऱ्याच्या सभेत मिळालेली होती ना. पूर्ण भाषण ती शालीला बोलली, बापाकडे फक्त शेवटी पाहिलं. नाथांनी हात पुढे केला, तो शालीपाशी अडला आणि तिथेच राहिला.

दाराशी शाळेचा रखवालदार काठी टेकवून उभा होता, हॉल बंद करायची वाट बघत. कंधारकडचा माणूस, नाटक कशाशी खातात ते ठाऊक नसलेला. संपल्यावर मला म्हणाला, ‘पोरगी खरं बोलायली की ओ. बापच खोटं बोलून आलाय.’

ना अरुण, ना दलित, ना समाजवाद. चाळीस वर्षांच्या चर्चासत्रांत जे सापडलं नाही ते त्याने एका फटक्यात उचललं, कारण त्याच्या हातात रकाने नव्हते.

स्पर्धेत त्यांनी सावली दाखवलीच. लाल दिवाही लागला. प्रेक्षक सावलीकडे बघत राहिले आणि शाल कुणाला दिसली नाही.

तेव्हा येत्या हंगामात नांदेड केंद्रावर असो की लातूरला, जो कुणी ‘कन्यादान’ करणार असेल त्याला हात जोडून सांगणं आहे. अरुणला त्याच्या प्रवेशांत जरूर रंगवा, त्याचं गुदमरणं, त्याची मग्रुरी, त्याचं नाटकीपण, सगळं. शेवटच्या प्रवेशात मात्र त्याला सावलीनेसुद्धा आणू नका. तेंडुलकरांनी आणलेला नाही.